निदेशकाचं मानधन कोण देणार?

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केलं. गावातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे त्यात सांगितलं आहे : मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आणि त्याबरोबर शेतीची व आरोग्याची प्राथमिक माहिती. पण जोतीराव अभ्यासक्रमावर थांबले नाहीत. शिक्षक कुठून आणायचा हेही त्यांनी सांगितलं. तो शक्यतो शेतकरी समाजातला असावा, प्रशिक्षित असावा, आणि वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. त्याचा पगार १२ रुपयांच्या खाली नसावा. आणि पैसा? लोकांकडून जो लोकल फंडाचा कर गोळा होतो, त्यातला निदान निम्मा प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा.

काय शिकवायचं, कोणी शिकवायचं आणि पैसे कुठून आणायचे हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकाच कागदावर सोडवायला घेतले. हाताने काम करायला शिकवणाऱ्या शिक्षणाबद्दल आपल्याकडे नंतर जे मंथन झालं, त्यात पहिल्या प्रश्नाला कायम पहिली रांग मिळाली. उरलेले दोन मागे पडले. या प्रकरणात त्या दोन प्रश्नांबद्दलच बोलायचं आहे, कारण सहावी ते आठवीच्या मुलांना कामाची आणि व्यवसायांची ओळख करून देणारा कार्यक्रम जिथे जिथे बंद पडतो, तिथे तो बहुतेक वेळा याच दोन प्रश्नांवर अडखळलेला असतो.

धोरणाच्या पातळीवर आज कसलीही अडचण नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, वीजकाम, धातूकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांचा हाताने अनुभव मिळावा असं म्हटलं आहे. याच तीन वर्षांत दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडे जाऊन काम पाहावं, करावं, अशी तरतूद आहे. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार केले : सजीवांबरोबरचं काम, यंत्रं व वस्तूंबरोबरचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. एनसीईआरटीने सहावीसाठी 'कौशल बोध' नावाचं पुस्तक काढलं. या विषयासाठी वर्षाला सुमारे ११० तास धरले आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने धंदा निवडावा असं यात कुणीही म्हणत नाही. हत्यार कसं धरतात, बी किती खोल पेरतात, माप चुकलं की काय होतं, हे त्याच्या हाताला कळावं, आणि पुढे दहावीनंतर निवड करायची वेळ आली की त्याच्याकडे ऐकीव माहितीपेक्षा अधिक काही असावं, एवढाच हेतू आहे. हा हेतू मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच तो नुसता परिपत्रकात राहिला तर वाईट वाटतं.

परिपत्रकात राहण्याचा आपल्याला अनुभव आहे. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात शिक्षणात कार्यानुभव असावा असं सुचवलं. महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी 'कार्यानुभव' या नावाची तासिका वेळापत्रकात पाहिली आहे. अनेक शाळांत त्या तासाला काय झालं? क्रेप कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, आणि परीक्षा जवळ आली की गणिताचा जादा तास. यात शिक्षकांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. भाषा शिकवणाऱ्या बाईंच्या वाट्याला हा तास आला, त्यांना कुणी हत्यारं दिली नाहीत, लाकूड दिलं नाही, रंधा कसा चालवायचा ते दाखवलं नाही. त्यांच्याकडे घरून आणलेली कात्री आणि डिंक होता. त्यांनी त्यातून जमेल ते केलं.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ही उणीव ओळखली होती. कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की उच्च प्राथमिक वर्गांत १००हून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तिन्हींसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. महाराष्ट्रात असे निदेशक नेमलेही गेले. पण त्यांची नेमणूक तुटपुंज्या मानधनावर आणि ठरावीक मुदतीपुरती. मुदत संपली की पुढे काय, हे कुणी सांगायचं नाही. या माणसांना आपल्या कामासाठी आंदोलनं करावी लागली, न्यायालयात जावं लागलं. ज्या कायद्याने मुलांचा हक्क मान्य केला, त्याच कायद्यातलं हे पद राज्याला पोटापुरत्या, नियमित पगाराचं करता आलं नाही, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली कळीची वाटते.

माणूस एवढा महत्त्वाचा का, हे वर्गात उभं राहिल्यावर कळतं. पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत मी वीजकामाचा तास पाहिला. निदेशक म्हणजे गावातलाच वायरमन. मुलं त्याला काका म्हणत होती. दहा मुलं, पाच लाकडी बोर्ड, प्रत्येक बोर्डावर एक स्विच, एक होल्डर, एक सॉकेट. सातवीतली एक मुलगी वायर सोलत होती. पकड जोरात दाबली गेली आणि रबराबरोबर तांब्याच्या निम्म्या तारा तुटल्या. काकांनी ते टोक बोटात धरून तिला दाखवलं. "राहिलेल्या एवढ्याशा तारांवरनं सगळा करंट गेला तर काय होईल गं?" ती म्हणाली, "गरम होईल." "मग पुन्हा सोल. पकड हलकी धर आणि वायर फिरव." तिने पुन्हा सोलली, मग आणखी एकदा. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. स्विच कायम फेजवर. प्रत्येक जोडी हे मोठ्याने म्हणत म्हणत स्क्रू आवळत होती. बोर्ड तयार झाला तरी काका थेट लाइनला लावू देत नव्हते. आधी टेस्ट लॅम्पच्या सिरीजमध्ये. एका जोडीचा टेस्ट लॅम्प एकदम लख्ख पेटला, म्हणजे बोर्डात कुठेतरी शॉर्ट. काकांनी हात लावला नाही. "शोधा" म्हणाले आणि शेजारी बसून राहिले. पोरांनी होल्डर उघडला, आत दोन तारांची टोकं एकमेकींना चिकटली होती ती सापडली. या शोधण्याला दहा मिनिटं लागली, आणि त्या दिवशीचं खरं शिक्षण त्या दहा मिनिटांत झालं असं माझं मत आहे.

त्याच शाळेत दुसऱ्या दिवशी एक निदेशक आला नाही, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्या. आता वीस मुलं. काकांनी मधोमध टेबल घेतलं, स्वतः बोर्ड जोडला आणि मुलांनी गोल उभं राहून पाहिलं. दुसरं काही करणं सुरक्षितही नव्हतं. साहित्य तेच, माणूस तोच, पण हाताने करण्याचं शिक्षण बघण्याचं शिक्षण झालं. विजेच्या, धारेच्या आणि आगीच्या कामात एका निदेशकामागे दहा-बारा मुलं, ही मर्यादा पाळावीच लागते, आणि या आकड्यातूनच पुढचा सगळा हिशेब निघतो.

तो हिशेब मांडून पाहू. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. दर गावागावांत बदलतील. समजा, सहावी ते आठवीत प्रत्येकी ४० अशी १२० मुलं आहेत. वर्षाचे ११० तास म्हणजे चार-चार तासांची २८ सत्रं. तीन वर्गांची मिळून ८४. प्रत्येक सत्रात वर्गाच्या दहा-दहाच्या चार तुकड्या, म्हणून चार निदेशक. एकूण ३३६ निदेशक-सत्रं. गवंड्याची दिवसाची मजुरी ८०० रुपये धरली तर अर्ध्या दिवसाचे ४००. वर्षाचं मानधन झालं १ लाख ३४ हजार ४०० रुपये. लाकूड, वायर, सिमेंट, पत्रा, बियाणं, पीठ-तेल असं संपणारं साहित्य मुलामागे ५०० रुपये धरलं तर ६० हजार. हत्यारं आणि छोटी यंत्रं एकदाच घ्यायची, ती ३ लाखांची समजू.

आता हे दहा वर्षांवर पसरून बघा. मानधन १३ लाख ४४ हजार, साहित्य ६ लाख, हत्यारं ३ लाख. एकूण खर्चात हत्यारांचा वाटा जेमतेम १३ टक्के, माणसांचा ६० टक्के. तरीही निधी मागायला गेलं की नेमकं उलटं होतं. हत्यारांना पैसे लगेच मिळतात. खोली रंगवता येते, यंत्रावर देणाऱ्याचं नाव लिहिता येतं, उद्घाटनाचा फोटो निघतो. वायरमनच्या जुलै महिन्याच्या मानधनावर कुणाचं नाव लिहिता येत नाही. शाळेच्या हातात जो पैसा नियमित येतो, तो पुरत नाही. समग्र शिक्षा अभियानात १०० ते २५० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला ५० हजारांचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यात वीजबिल, पाणी, स्वच्छता, दुरुस्ती, खडू-फळा सगळं भागवायचं असतं. वर मांडलेल्या उदाहरणात नुसतं साहित्यच ६० हजारांचं आहे.

सरकारची अलीकडची एक मोठी योजना अटल टिंकरिंग लॅबची. २०१६पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि देशभरातल्या सुमारे १० हजार शाळांत त्या पोहोचल्या. २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. प्रत्येक शाळेला उभारणीसाठी १० लाख आणि पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी १० लाख अशी रचना होती. चालू खर्चाला उभारणीइतकंच महत्त्व दिलं, हे या योजनेचं मोठं श्रेय आहे. पण लॅबसाठी स्वतंत्र पगारी पद नाही. विज्ञानाच्या शिक्षकाकडे प्रभार येतो, त्याच्या आधीच्या तासिका मात्र तशाच राहतात. बाहेरून मार्गदर्शक येतात ते स्वयंसेवक म्हणून. जिथे तो शिक्षक झपाटलेला असतो तिथे लॅब रात्री आठपर्यंत उघडी दिसते. त्याची बदली झाली की त्याच खोलीचं कुलूप महिनोन्महिने निघत नाही. एका माणसाच्या उत्साहावर उभी असलेली व्यवस्था त्याच्यामागे किती दिवस तग धरणार?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं सर्वांत विचारपूर्वक उत्तर पाबळला शोधलं गेलं. शिरूर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली इथे आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएचडी केलेला हा शास्त्रज्ञ शाळा सोडलेल्या मुलांबरोबर वेल्डिंग करायचा, विहिरीसाठी पाण्याचा शोध घ्यायचा, फेरोसिमेंटची कामं करायचा. पुढे २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब इथेच उभी राहिली. पण आपल्या विषयाशी त्याहून जवळची गोष्ट म्हणजे नेहमीच्या शाळांसाठी कलबागांनी आखलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कार्यक्रम, ज्याला शाळाशाळांत 'आयबीटी' म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो आठवी ते दहावीसाठी सुरू झाला. माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली.

आयबीटीत चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. आठवड्यातला एक दिवस या विषयाचा. मुलं चारही विभागांतून फिरतात. मुलगी वेल्डिंगला आणि मुलगा स्वयंपाकाला, यात सवलत नाही. माणसांच्या बाबतीत कलबागांनी दोन निर्णय घेतले. शाळेतल्या पूर्णवेळ शिक्षकाला रातोरात सुतार करायचं नाही. गावात सुतार आहेच, त्याला आठवड्यातून एक दिवस निदेशक म्हणून बोलवायचं. त्याचा उरलेला आठवडा त्याच्या धंद्याचा, त्यामुळे शाळेला पूर्ण पगार द्यावा लागत नाही आणि त्याचं कसबही ताजं राहतं. दुसरा निर्णय पैशाचा : मुलांनी शिकताना खोटी वस्तू करायची नाही, कुणाला तरी खरोखर हवी असलेली करायची. गावातल्या कुणाचा कोंबड्यांचा खुराडा, शाळेची खिडकी, कुणाच्या घरची वायरिंग, माती-पाण्याची तपासणी. मालक साहित्याचे पैसे देतो, वर थोडी मजुरी देतो. संपणाऱ्या साहित्याचा खर्च अशा रीतीने बाहेर पडतो, आणि मुलांना प्रत्येक कामाचं खर्चपत्रक लिहावं लागतं, म्हणजे अंकगणितही होतं. पुण्याच्या 'लेंड-अ-हँड इंडिया' या संस्थेने पुढे हा कार्यक्रम अनेक शाळांत नेण्यासाठी हत्यारांना आणि निदेशकांना आर्थिक पाठबळ दिलं.

कमाईच्या या भागाबद्दल मला सावध राहावंसं वाटतं, आणि त्याचं कारण वर्ध्यात आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा त्यांचा आग्रह होता की मुलांच्या हस्तव्यवसायातून निघालेल्या मालावर शिक्षकांचा पगार भागावा आणि तो माल सरकारने विकत घ्यावा. दारूबंदी केली तर महसूल जातो, शिक्षण मोफत करायचं तर पैसा नाही, या पेचातून ही कल्पना निघाली होती. या योजनेचा तपशील ठरवण्यासाठी नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने सूत किती निघेल, किती किमतीचं निघेल, याचा बारकाईने हिशेब मांडला. पण त्याच समितीने अहवालात धोक्याची सूचनाही लिहून ठेवली : आर्थिक बाजूवर भर देताना शिक्षणाचा आणि संस्काराचा हेतू मागे पडू शकतो. मुलांकडून जास्तीत जास्त सूत काढून घेणं हेच शिक्षकाचं काम होऊन बसेल, ही भीती खरी होती. ज्याचा पगार मुलांच्या हातून निघणाऱ्या मालावर अवलंबून आहे, तो बिघडलेला बोर्ड शोधायला दहा मिनिटं कसा देईल?

आयबीटीतली मुलं आठवी ते दहावीतली आहेत. सहावी-सातवीची मुलं अकरा-बारा वर्षांची. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला २०१६च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सर्वच व्यवसायांत बंदी आहे, आणि शाळेतल्या शिकण्याचं रूपांतर कमाईत होऊ नये ही त्यामागची भावना आपण जपली पाहिजे. म्हणून या वयात कमाईऐवजी बचत धरावी. शाळेला दरवर्षी दुरुस्ती करावी लागतेच. बाकाची फळी, नळाचा वॉशर, बिघडलेला स्विच, कुंपणाची जाळी. यासाठी बाहेरच्या माणसाला बोलावून जे पैसे दिले जातात, त्यातून साहित्य आणावं आणि मुलांनी निदेशकाच्या नजरेखाली ती दुरुस्ती करावी. शालेय पोषण आहारासाठी परसबाग करायची असते; तीच शेती विभागाची प्रयोगशाळा, आणि तिथली पालेभाजी थेट मुलांच्या ताटात. साहित्याच्या खर्चाचा बराच भाग अशा रीतीने आधीच ठरलेल्या खर्चात मिसळून जातो. निदेशकाचं मानधन मात्र मुलांच्या श्रमातून कधीही काढू नये. ते समाजाने आणि सरकारनेच द्यायचं.

आणखी एका भीतीबद्दल बोललं पाहिजे, आणि ती पालकांची आहे. 'आमच्या बापजाद्यांनी आयुष्यभर हेच केलं, आता पोरगं शाळेत घातलं तर तुम्ही त्याला पुन्हा तिथेच नेऊन बसवता का?' दलित आणि बलुतेदार घरांतून हा प्रश्न येतो तेव्हा तो ऐकून घ्यावा लागतो, कारण त्यामागे इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी मुलांना अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ घरच्या धंद्यात शिकवण्याची योजना आणली. शिक्षकांचा वेळ वाचवून कमी पैशात जास्त मुलं शिकवता येतील, असं त्यामागचं गणित होतं. 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, असं म्हणून पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कडाडून विरोध केला. राजगोपालाचारींना पद सोडावं लागलं आणि १९५४मध्ये योजना रद्द झाली. पैसा आणि माणूस वाचवायला गेलं की जात कशी आत शिरते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. मुलाला त्याच्याच बापाकडे शिकायला पाठवणं सर्वांत स्वस्त, पण मग त्याने नवं काही पाहिलंच नाही. म्हणून चारही विभाग सगळ्यांना सक्तीचे हवेत. चांभाराच्या मुलाने माती तपासावी, पाटलाच्या मुलाने शिवणकाम करावं, डॉक्टरच्या मुलीने गवंड्याचा ओळंबा धरावा. आणि चर्मकार किंवा कुंभार निदेशक म्हणून आला तर त्याची खुर्ची शिक्षकांच्या खोलीत, मुख्याध्यापकांच्या शेजारी. मुलं काय पाहतात ते सर्वांत आधी तिथे दिसतं.

दप्तराविना दहा दिवस कसे राबवता येतील, याचं एक चांगलं उदाहरण जपानच्या ह्योगो प्रांतात आहे. १९९५च्या भूकंपाने कोबे शहर उद्ध्वस्त झालं, आणि १९९७मध्ये एका अल्पवयीन मुलाने केलेल्या हत्यांनी सगळा प्रांत हादरला. त्यानंतर १९९८पासून तिथे आपल्याकडच्या आठवीच्या वयाची मुलं सलग पाच दिवस शाळेबाहेर जातात : बेकरीत, शेतावर, अग्निशमन केंद्रात, बालवाडीत. वर्गशिक्षक त्या-त्या ठिकाणी जाऊन मुलांना भेटून येतो. यात एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. दुकानदाराने किंवा कारागिराने वेळ द्यायचा हे मान्य, पण मुलांची विचारपूस करण्याची, विम्याची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेची. आपल्याकडे दहा दिवसांची योजना करताना हा मधला माणूस बहुधा हिशेबातच धरला जात नाही. कुणीतरी सुताराला आधी भेटून यायला हवं, त्याच्याकडे किती मुलं मावतील ते पाहायला हवं, करवतीला गार्ड आहे का ते बघायला हवं. हे काम वर्गशिक्षकालाच जमेल, पण त्यासाठी त्याच्या आठवड्यातल्या काही तासिका मोकळ्या केल्याशिवाय नाही.

मग निदेशक कोणाला नेमायचं? सरकारी नियमांचा कल पदवी आणि पदविकेकडे असतो. माध्यमिक शाळांत व्यावसायिक विषयांचे प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपन्यांमार्फत कंत्राटी पद्धतीने येतात. कंत्राट बदललं की माणूस बदलतो, आणि मधल्या काळात वर्ग रिकामा. २०२०च्या धोरणाने मात्र स्थानिक कलावंत आणि कारागिरांना शाळेत 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून घ्यायला वाट मोकळी केली आहे. ती वापरावी. दहावी नापास असलेला, पण पंचवीस वर्षं फॅब्रिकेशन केलेला माणूस या वयाच्या मुलांना पदविकाधारकापेक्षा अधिक शिकवू शकतो, अट एवढीच की त्याला शिकवायला शिकवलं पाहिजे. स्वतः करून टाकण्याचा मोह कसा आवरायचा, चुकलेल्या मुलाला ओरडायचं नाही, कापलं-भाजलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं. हे सुट्टीतल्या आठवडाभराच्या प्रशिक्षणात जमतं. पोलिस पडताळणी, मुलींच्या सुरक्षिततेचे नियम, वर्गात एक शिक्षक कायम हजर, या गोष्टींना सूट नसावी. गृह व आरोग्य विभागाला गावातल्या आशाताई किंवा बचत गटातल्या ताई उत्तम निदेशक होतात, हे अनुभवाने सांगावंसं वाटतं. ज्या शाळांत १२० मुलंच नाहीत, त्यांनी केंद्रशाळेच्या पातळीवर एकत्र यावं : चार निदेशक, पाच-सहा शाळा, आठवड्यातला प्रत्येक दिवस वेगळ्या शाळेत. निदेशकालाही यातून महिन्याला पुरेसं मानधन मिळतं आणि तो टिकतो.

पैशाचा मेळ घालताना प्रत्येक पैशाचा स्वभाव ओळखावा. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने सक्तीचा झाला आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण व व्यवसायकौशल्यं स्पष्टपणे लिहिली आहेत. पण हा पैसा बहुधा एक-दोन वर्षांसाठी येतो आणि कंपनीचा नफा घटला की आटतो. त्यातून हत्यारं घ्यावीत, निदेशकांचं प्रशिक्षण करावं. मानधन त्यावर कधीही उभारू नये. दरवर्षी लागणारा पैसा दरवर्षी येणाऱ्या झऱ्यातूनच यायला हवा, आणि गावापाशी असा एक झरा आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे जे विषय आहेत, त्यात 'तांत्रिक प्रशिक्षण व व्यावसायिक शिक्षण' हा १८वा विषय आहे. म्हणजे ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक विकास आराखड्यात शाळेच्या निदेशकांसाठी तरतूद करणं हे तिच्या कामाच्या कक्षेतलंच आहे. शाळेच्या बाजूने शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा तयार करावा लागतो, आणि सरकारी अनुदानाचा आधार तोच असावा असं कायदा म्हणतो. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. या दोन्ही आराखड्यांत निदेशकांचं मानधन एकाच रकमेने, एकाच शीर्षकाखाली लिहिलं गेलं, तर तालुक्याला आणि जिल्हा परिषदेला ती मागणी टाळता येत नाही.

सरकारी हप्ता मार्चअखेरीस येतो आणि निदेशक जूनपासून शिकवत असतो. या नऊ महिन्यांच्या खंडात आजवर किती चांगली माणसं शाळा सोडून परत आपल्या धंद्यावर गेली! म्हणून ऑगस्टच्या ग्रामसभेतच ठराव करून घ्यावा : हप्ता येईपर्यंत ग्रामपंचायत स्वनिधीतून मानधन आगाऊ देईल आणि नंतर वळतं करून घेईल. पहिल्या वर्षी चार जण जमले नाहीत तर वायरमन आणि नर्सरीवाली ताई या दोघांवर सुरू करावं, तुकड्या लहान ठेवाव्यात, सत्रं कमी झाली तरी चालतील. पण ठरलेली रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्या दोघांच्या खात्यावर जमा झाली पाहिजे.